रक्तातील धागा : फायब्रिनचे कार्य आणि सर्पदंशातील वीस मिनिटे

ऊसतोडीच्या फडात कोयत्याचे पाते बोटावर सरकणे ही नित्याची गोष्ट होय. तोडणारा क्षणभर बोट दाबून धरतो, जवळची चिंधी गुंडाळतो आणि पुन्हा कामाला लागतो. काही मिनिटांत रक्त थांबते. दुसऱ्या दिवशी त्या जागी काळसर खपली धरलेली असते आणि आठ-दहा दिवसांनी ती गळून पडते, तेव्हा खाली कोवळी गुलाबी कातडी आलेली दिसते. हे सर्व इतके बिनबोभाट घडते की त्यामागे काही विलक्षण योजना असेल, असा विचारही आपल्या मनात येत नाही. परंतु त्याच फडात, पाचटाखाली दडलेल्या घोणसीचा दंश झाला, तर हेच रक्त काही तासांतच गोठण्याचे विसरून जाते. हिरड्यांतून रक्त झिरपू लागते, सुई टोचलेल्या जागेतून ते वाहत राहते, लघवी लाल होते. कोयत्याच्या घावातून मनुष्य सहज वाचतो आणि दाताच्या दोन बारीक खुणांनी दगावतो. या दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी रक्तातील एकच पदार्थ आहे. त्याचे नाव फायब्रिन.

हा विषय आपल्या वाचकांच्या किती जवळचा आहे, हे सुरत जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. दिवाळी आटोपली की नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील कितीतरी गावे ओस पडू लागतात. नवरा-बायको, हाताशी आलेली मुले, क्वचित म्हातारी माणसेही मुकादमाकडून उचल घेऊन बारडोली, मढी, चलथाण येथील सहकारी साखर कारखान्यांच्या क्षेत्रात ऊसतोडीसाठी जातात आणि उन्हाळ्यातच परततात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून या टोळ्यांच्या जीवनाचा अभ्यास केला व त्यावर विस्ताराने लिहिले, त्यामुळे त्यांची स्थिती अभ्यासकांना बरीच ठाऊक आहे. पालाच्या किंवा प्लास्टिकच्या कोपीत जमिनीवर झोपणे, पहाटेच्या अंधारात फडात शिरणे, अनवाणी पायांनी पाचट तुडविणे हा त्यांचा दिनक्रम. उसात उंदीर असतात आणि उंदरांच्या मागे घोणस येते. सुरतेकडील लोक तिला खडचितळो म्हणतात. नाव निराळे असले तरी साप तोच आणि त्याचे विषही तेच.

प्रस्तुत लेखक शास्त्राचा विद्यार्थी नव्हे. प्रसिद्धीच्या कामानिमित्त आरोग्य केंद्रांतून फिरताना डॉक्टरांना विचारून आणि मागाहून ग्रंथ चाळून जे उमगले, ते येथे मांडले आहे.

शरीरातील रक्त द्रवरूप असले पाहिजे, हे उघडच आहे. ते वाहिन्यांतून अखंड वाहिले नाही तर जीवन थांबेल. तथापि वाहिनी फुटली की तेच रक्त फुटल्या जागी, आणि केवळ त्याच जागी, घट्ट झाले पाहिजे. ही परस्परविरुद्ध वाटणारी दोन कामे निसर्गाने एका युक्तीने साधली आहेत. रक्तातील पिवळसर पाण्यात, म्हणजे रक्तद्रवात, फायब्रिनोजन नावाचे प्रथिन सतत विरघळलेले असते. ते यकृतात तयार होते आणि निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारणपणे २०० ते ४०० मिलिग्रॅम इतके असते. विरघळलेल्या अवस्थेत ते निरुपद्रवी असते. जखम झाली की त्याचेच रूपांतर न विरघळणाऱ्या तंतूंत होते. हे तंतू म्हणजे फायब्रिन.

हे तंतू डोळ्यांनी पाहता येतात. बोकड कापल्यावर भांड्यात धरलेले ताजे रक्त काटकीने सतत ढवळीत राहिले, तर काटकीभोवती पांढरट, चिवट दोरे गुंडाळले जातात आणि भांड्यात उरलेले रक्त मग कितीही वेळ ठेवले तरी गोठत नाही. रंग तोच राहतो, दाटपणाही बराचसा तोच, पण गोठण्याची शक्ती काटकीला लागून बाहेर आलेली असते. खाटीक बांधवांना हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आहे. इटलीतील मार्चेल्लो माल्पीगी या शास्त्रज्ञाने १६६६ साली गोठलेले रक्त पाण्याने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा लाल रंग निघून गेल्यावर त्याला हेच पांढरे जाळे दिसले. ते जाळे येते कोठून, हे कळण्यास मात्र पुढे दोनशे वर्षे लागली.

सुरत हे कापडाचे शहर. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली हजारो कुटुंबे यंत्रमागांवर राबत आली आहेत. त्यांना ही क्रिया समजावून सांगणे अगदी सोपे आहे. फायब्रिनोजन हे सुटे सूत होय. प्रत्येक सुताच्या मध्यभागी लहान टोप्यांच्या दोन जोड्या बसविलेल्या असतात, त्यामुळे सुते एकमेकांना चिकटत नाहीत. जखमेच्या जागी थ्राँबिन नावाचा पदार्थ निर्माण होतो व तो कात्रीप्रमाणे या टोप्या छाटून टाकतो. टोप्या जाताच सुते एकमेकांना चिकटू लागतात. एकाच्या अर्ध्यावर दुसरे, दुसऱ्याच्या अर्ध्यावर तिसरे, अशी ती विटांच्या भिंतीसारखी सांधे मोडून बसतात आणि त्यांचा लांब धागा होतो. धाग्याला धागे मिळून जाळे तयार होते आणि त्यात तांबड्या कोशिका माशांप्रमाणे अडकतात. हे जाळे आरंभी कच्चे असते. तेराव्या क्रमांकाचा घटक येऊन धाग्यांना आडव्या गाठी मारतो, तेव्हाच ते पक्के होते.

तेरावा घटक म्हटल्यावर पहिले बारा कोणते, असा प्रश्न शाळेतील चौकस मुले विचारतीलच. रक्त गोठविणाऱ्या घटकांना रोमन अंकांनी क्रमांक दिलेले आहेत. फायब्रिनोजन हा पहिला, प्रोथ्राँबिन हा दुसरा, चुन्याचा अंश म्हणजे कॅल्शियम हा चौथा. सहावा क्रमांक मात्र रिकामा आहे. तो ज्याला दिला होता तो स्वतंत्र घटकच नव्हे, असे पुढे आढळून आले आणि जागा तशीच राहिली. हे घटक एकामागून एक जागे होतात. एकाने दुसऱ्याला उठवावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे होत होत शेवटी प्रोथ्राँबिनचे थ्राँबिन होते व थ्राँबिन फायब्रिनोजनला हात घालते. आठवा घटक जन्मतः कमी असेल तर हीमोफिलिया हा रोग होतो. साखळीतील एक कडी दुबळी असल्याने शेवटचा धागा वेळेवर विणला जात नाही.

फायब्रिन एकटे काम करीत नाही, हेही नमूद केले पाहिजे. वाहिनी फाटताच प्रथम धावून येतात त्या बिंबाणू नावाच्या अतिसूक्ष्म चकत्या. त्या छिद्राशी गोळा होऊन बोळा घालतात. पण नुसता बोळा रक्ताच्या दाबापुढे टिकत नाही. फायब्रिनचे जाळे त्याला आवळून धरते. बंधारा बांधताना दगड आधी टाकतात आणि मग तारेच्या जाळीने ते जखडतात, तसाच हा प्रकार.

रक्त थांबले म्हणजे फायब्रिनचे काम संपले, अशी समजूत आहे. ती अपुरी आहे. जखम भरून येण्याची सुरुवात याच जाळ्यात होते. जाळ्याच्या धाग्यांवरून पांढऱ्या कोशिका आत शिरतात आणि जंतू व मेलेल्या पेशी साफ करतात. त्यांच्या मागोमाग नवे तंतू तयार करणाऱ्या कोशिका येतात, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आत वाढतात, आणि गवंड्याने परातीवर उभे राहून भिंत बांधावी तसे नवे मांस या जाळ्याच्या आधाराने उभे राहते. वरचा थर वाळून खपली होते व ती आतल्या कामाला झाकण घालते. खपली उपटू नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात, ते याच कारणाने योग्य आहे. ज्या बालकांत तेरावा घटक जन्मतः नसतो त्यांच्यात याचे प्रत्यंतर येते. त्यांचे रक्त गोठलेले दिसते, परंतु जाळे कच्चे राहिल्यामुळे नाळ गळाल्यावर बेंबीतून रक्त वाहत राहते, आणि जखमाही नीट भरत नाहीत. असा रोग अत्यंत विरळा आहे.

काम पूर्ण झाल्यावर परात काढून घ्यावी लागते. त्यासाठी प्लाझ्मिन नावाचा पदार्थ रक्तातच असतो. तो फायब्रिनचे धागे हळूहळू कुरतडून त्यांचे तुकडे करतो. विणणे आणि उसवणे ही दोन्ही कामे शरीरात अशी तोलून चालतात. विणणे नको तेथे झाले तर हृदयाच्या किंवा मेंदूच्या वाहिनीत गुठळी अडकते. उसवणे किंवा सूत संपणे अधिक झाले तर रक्त वाहत राहते. घोणसीचे विष हा तोल कसा बिघडविते, ते आता पाहू.

घोणसीला इंग्रजीत ज्यांचे नाव लाभले ते पॅट्रिक रसेल हे कंपनी सरकारच्या काळात मद्रास इलाख्यात होते. त्यांनी भारतीय सर्पांवर लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला भाग १७९६ साली प्रसिद्ध झाला. या सापाच्या विषाने रक्त गोठते, असे अनेकांना वाटते, तर काहींच्या मते रक्त पातळ होते. विशेष म्हणजे दोन्ही म्हणणी खरी आहेत. घोणसीचे विष साखळीतील दहाव्या आणि पाचव्या घटकांना थेट जागे करते. आधीच्या कड्यांची त्याला गरजच पडत नाही. मग थ्राँबिनची कात्री सबंध शरीरात एकाच वेळी चालू लागते. जेथे जखम नाही तेथेही सुते चिकटतात, बारीक बारीक जाळी वाहिन्यांत निर्माण होतात व प्लाझ्मिन ती तितक्याच वेगाने उसवीत जाते. या धांदलीत रक्तातील फायब्रिनोजनचा साठा उडून जातो. सूतच उरले नाही तर माग चालणार कशावर? म्हणून प्रथम गोठणे आणि शेवटी न गोठणे, अशी ही विचित्र गती आहे. कोकणातील फुरसेही हेच करते, मात्र त्याचे विष प्रोथ्राँबिनवर काम करते. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे, इतका त्यांचा उपद्रव होता.

घोणसीच्या विषाचा हाच गुण माणसाने एकदा औषध म्हणून वापरला. इंग्लंडमधील तरुण डॉक्टर मॅकफार्लेन आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सर्पविभाग सांभाळणारे बार्नेट यांनी १९३४ साली हे विष अतिशय पातळ करून हीमोफिलियाच्या रुग्णांच्या वाहत्या जखमेवर लावले, आणि कशानेही न थांबणारे रक्त थांबले. आठव्या घटकाची कडी दुबळी असली तरी विषाने ती ओलांडून पुढची कडी हलविली होती. याच मॅकफार्लेन यांनी पुढे १९६४ साली साखळीची ही कल्पना सुसूत्रपणे मांडली. थेंबाच्या सूक्ष्म अंशाने जे रक्त जखमेवर गोठले, तेच रक्त पूर्ण दंशाने गोठेनासे होते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. दंश झालेल्या माणसाच्या रक्तात फायब्रिनोजन उरले आहे की नाही, हे खेड्यातील दवाखान्यात कसे ओळखावे? त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत रुग्णाच्या शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर ताजे रक्त घालावयाचे, नळी उभी ठेवावयाची आणि वीस मिनिटे तिला हातही लावावयाचा नाही. वीस मिनिटांनी ती एकदाच कलती करावयाची. रक्ताचा गोळा झाला असेल तर धागा शिल्लक आहे. रक्त पाण्यासारखे वाहिले तर धागा संपला आहे, विष शरीरात भिनले आहे आणि प्रतिविष दिलेच पाहिजे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकची नळी फसवी उत्तर देते. साबणाने धुतलेली काचेची नळीदेखील फसविते. आरोग्य केंद्रातील कर्मचारी बंधूंनी ही बाब किरकोळ समजू नये. चार-दोन नव्या कोरड्या नळ्या कपाटात वेगळ्या ठेवणे, हे कोणत्याही महागड्या साधनाइतकेच मोलाचे आहे.

काही वर्षांपूर्वी हंगामाच्या आरंभी बारडोली परिसरातील एका पडावावर जाण्याचा योग आला होता. अक्कलकुव्याकडील एका वयस्क तोडणी कामगाराने आपल्या पत्नीच्या दंशाची हकिकत सांगितली. पहाटे मोळी बांधताना तिच्या घोट्याला घोणस डसली. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी रक्त काढले, नळी टेबलावर उभी केली आणि ते घड्याळाकडे पाहत राहिले. "बाई तळमळते आहे आणि कोणी हात लावीत नाही, असे आम्हाला वाटले. आम्ही तिला उचलून भगताकडे नेणार होतो. गाडी परत गेली होती म्हणून राहिलो," तो म्हणाला. वीस मिनिटांनी नळी कलती केली तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले आणि लगेच औषधाची धावपळ सुरू झाली. ती बाई वाचली. आम्ही बोलत होतो तेव्हा ती चुलीशी भाकरी थापत होती.

ही गोष्ट मनातून जात नाही. नातेवाइकांना जो वेळ हलगर्जीपणाचा वाटला, तोच वेळ तपासणीचा होता. डॉक्टरांनी एका वाक्यात तसे सांगितले असते तर गैरसमज टळला असता, असेही वाटते. पण गर्दीच्या दवाखान्यात प्रत्येक वेळी ते घडतेच असे नाही. म्हणून ग्रामसेवक, शिक्षक व मुकादम यांनी ही गोष्ट टोळी गाव सोडण्यापूर्वीच सांगून ठेवावी. नळी उभी आहे तोवर उपचार चालूच आहे. अर्थात हिरड्यांतून, नाकातून किंवा लघवीतून रक्त येत असेल तर डॉक्टर वीस मिनिटेही थांबत नाहीत, प्रतिविष सुरू करतात. आणि नळीतील रक्त पहिल्या खेपेस गोठले म्हणून रुग्णाला लगेच घरी नेऊ नये. विष हळूहळू पसरते, यास्तव ही चाचणी चोवीस तासांपर्यंत पुनःपुन्हा करावी लागते. शिवाय नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर काम करते. त्यांच्या दंशात रक्त नळीत व्यवस्थित गोठते, तरी रुग्णाच्या पापण्या जड होऊन श्वास बंद पडू शकतो.

दंश झाल्यावर काय करू नये, हे फायब्रिनची गोष्ट कळल्यावर वेगळे पाठ करावे लागत नाही. ज्या रक्तात धागा उरलेला नाही त्या अंगावर ब्लेडने चीर दिली, तर ती चीर बंद कशाने होणार? तोंडाने विष शोषल्याने ते निघत नाही. घट्ट दोरी आवळली तर खालचा भाग सडू लागतो, आणि दोरी सोडताच साचलेले विष एकदम वर येते. रुग्णाला धीर द्यावा, पैंजण, जोडवी, बांगड्या काढाव्यात, कारण सूज चढल्यावर त्या मांसात रुततात. दंश झालेला पाय किंवा हात मोडलेल्या हाडाप्रमाणे काठीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक महाराष्ट्रात आणि गुजरातेत, दोन्हीकडे चालतो. साप मारून आणण्यात वेळ दवडू नये. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला परमुलखात दवाखाना कोठे आहे हे ठाऊक नसते. टोळी पडावावर उतरल्या दिवशीच मुकादमाने जवळचे प्रतिविष मिळणारे रुग्णालय विचारून ठेवले पाहिजे. उचलीचा हिशेब जितक्या काळजीने ठेवला जातो तितकी काळजी यात घेतली जात नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. घोड्यांना विषाची अल्प मात्रा वाढवीत देतात आणि त्यांच्या रक्तात जी विषनाशक द्रव्ये निर्माण होतात ती शुद्ध करून कुपीत भरतात. मुंबईत परळ येथे १८९९ साली स्थापन झालेल्या प्लेग प्रयोगशाळेतून हाफकिन संस्था उदयास आली, आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांवर चालणारे प्रतिविष निर्माण करणाऱ्या देशातील नामांकित केंद्रांत हाफकिनचे नाव आहे. एकाच जातीच्या सापाचे विष निरनिराळ्या प्रदेशांत काहीसे निराळे असते, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. सुरतेच्या दक्षिणेस वलसाड जिल्ह्यातील धरमपूर येथे गुजरात शासनाने सर्प संशोधन केंद्र उभारले, ते याच प्रश्नाशी निगडित आहे. प्रश्न लहान नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. केंद्र शासनाने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

प्रतिविष दिल्यावर रुग्णाचे रक्त लगेच गोठू लागत नाही, याचे नातेवाइकांना आश्चर्य वाटते. प्रतिविष रक्तातील विष निकामी करते, नवा धागा देत नाही. तो यकृताने कातावयाचा असतो, आणि रक्त पुन्हा गोठण्याइतका साठा होण्यास साधारणपणे सहा तास लागतात. म्हणून सहा तासांनी पुन्हा एक काचेची नळी उभी केली जाते. ती कलती केल्यावर रक्त वाहिले तर प्रतिविष पुन्हा देतात. दिवसाची मजुरी बुडते, मुकादम बोलावतो आहे, बाईला आता बरे वाटते आहे, अशा कारणांनी बरीच कुटुंबे नेमकी या सहा तासांत रुग्णाला उठवून नेतात. बरे वाटणे हे सूज आणि वेदना यांवरून ठरते. धागा परत आला की नाही, ते मात्र दुसऱ्या नळीतूनच कळते, आणि तोवर रुग्णाला खाटेवरच राहू द्यावयाचे असते.